बोलघेवड्यांच्या सिनेमातलं ऐकणं : ‘ग्लेनगॅरी ग्लेन रॉस’

कडुनिंब

(पुढे कथानक पूर्ण उघड होतंय. सिनेमा पाहिला नसेल तर आधी तो बघा, जेमतेम शंभर मिनिटांचा आहे.)

२०११ मध्ये मी पुण्यात जमिनीचे प्लॉट विकायच्या नोकरीत होतो. तिमाही संपायला तीन आठवडे उरले होते आणि आम्हा बावीस जणांपैकी सोळा जण टार्गेटच्या खाली होते. साहेबांनी सगळ्यांना एका हॉटेलच्या हॉलमध्ये बोलावलं, दिवे मालवले आणि पडद्यावर सात-आठ मिनिटांची एक क्लिप लावली. भारी सुटातला एक देखणा माणूस तीन सेल्समनना झापतोय. ‘ती कॉफी खाली ठेव. कॉफी फक्त सौदा पक्का करणाऱ्यांना.’ पहिलं बक्षीस कॅडिलॅक गाडी, दुसरं सुऱ्यांचा संच, तिसरं बक्षीस नोकरीवरून हकालपट्टी. क्लिप संपली, दिवे लागले, साहेब म्हणाले, ‘हे स्पिरिट पाहिजे मला.’ मग चहाची सुट्टी.

आमच्यात एक काका होते, चोपन्न वर्षांचे. ते चहाच्या मोठ्या थर्मासपाशी गेले, कप उचलला, नळाखाली धरला. मग त्यांनी साहेबांकडे पाहिलं आणि कप होता तसा रिकामाच बशीत उलटा घालून ठेवला. त्यांना कुणी काही बोललं नव्हतं. त्या महिन्यात त्यांचा एकही प्लॉट गेलेला नव्हता.

अख्खा सिनेमा मी पाच वर्षांनी पाहिला. तोवर नोकरी सोडली होती. क्लिपमध्ये कॉफीच्या भांड्यापाशी उभा असलेला तो म्हातारा, ज्याला कॉफी खाली ठेवायला लावतात, तोच सिनेमाचा नायक आहे हे तेव्हा कळलं. शेली लेव्हीन. एके काळी त्याला ‘मशीन’ म्हणायचे, इतका माल खपवायचा. आता मुलगी इस्पितळात आहे आणि फळ्यावर त्याच्या नावापुढे काही नाही. जॅक लेमनने तो केलाय. मला त्या हॉलमधला उलटा कप दिसला आणि सिनेमा थांबवून थोडा वेळ बसून राहावं लागलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डेव्हिड मॅमेटचं मूळ नाटक १९८३ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये पहिल्यांदा झालं, मग शिकागो, मग ब्रॉडवे, आणि १९८४ मध्ये त्याला पुलित्झर मिळालं. मॅमेट तरुणपणी शिकागोत अशाच एका जमीन विकणाऱ्या ऑफिसात कामाला होता. १९९२ मध्ये जेम्स फोलीने सिनेमा केला, पटकथा मॅमेटचीच. चार सेल्समन, एक ऑफिस मॅनेजर, समोर एक चिनी रेस्टॉरंट. एक पावसाळी रात्र आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ. मालक लोकांनी चांगल्या ‘लीड्स’, म्हणजे जमिनीत रस असलेल्या लोकांची नावं-पत्ते असलेली कार्डं, कपाटात कुलूपबंद ठेवलीत. ती फक्त जिंकणाऱ्यांना मिळणार. रात्री ऑफिस फोडलं जातं, कार्डं चोरीला जातात. चोरी कुणी केली हे सकाळी उलगडतं. गोष्ट एवढीच.

मला जे म्हणायचंय ते असं. सगळे या सिनेमातल्या बोलण्याचं कौतुक करतात, आणि ते आहेच तसं. पण जितक्या वेळा पाहिला तितक्या वेळा मला वाटत गेलं की हा ऐकण्याबद्दलचा सिनेमा आहे. कोण ऐकतंय, कुणाला ऐकायला भाग पाडलं जातंय, आणि ऐकून घेतल्याची किंमत कोण मोजतंय. मॉस आणि आरोनाव यांचा प्रसंग आठवा. डेव्ह मॉस (एड हॅरिस) रेस्टॉरंटमध्ये बसून आरोनावला (ॲलन आर्किन) हळूहळू चोरीच्या बेतात ओढतो. आरोनाव घाबरून विचारतो, मीच का? मॉसचं उत्तर : कारण तू ऐकलंस. बेत ऐकून घेतला म्हणजे तू गुन्ह्यात आलास. विकणाऱ्याची सगळी विद्या या तीन शब्दांत आहे. गिऱ्हाइकाने दारात उभं राहून दोन मिनिटं ऐकून घेतलं की निम्मं काम झालं, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.

आणि लेव्हीनचा एकमेव मोठा सौदा बघा. नायबोर्ग नवरा-बायकोला त्याने ब्याऐंशी हजार डॉलरची जमीन विकली, तो प्रसंग आपल्याला दाखवतच नाहीत. सकाळी ऑफिसात येऊन तो रिकी रोमाला, तिथल्या सगळ्यात यशस्वी सेल्समनला, ते सांगतो. स्वयंपाकघरात बसलो होतो, केक खाल्ला, मग पेन पुढे धरलं आणि गप्प बसलो. भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे बावीस मिनिटं. शब्द नाही, हालचाल नाही. आणि मग दोघंही एकदम, अगदी जाणवेल न जाणवेल इतकंच, ढिले पडले. हे सांगताना लेमनचे खांदे खरंच खाली येतात. ज्या माणसाला आपण अर्धा सिनेमा अखंड बडबडताना पाहिलं, त्याने सौदा केला तो गप्प बसून. आणि बुडाला तो एका वाक्याने. त्याबद्दल खाली बोलूच. तुम्हाला कुठला प्रसंग, कुणाचं काम लक्षात राहिलं ते लिहा.

चित्रवेडा

मनापासून लिहिलंयत. कपाचा प्रसंग वाचून गलबललो.

माझं मत रोमा करणाऱ्या अल पचिनोला. रिकी रोमा आणि जेम्स लिंक रेस्टॉरंटमध्ये शेजारी बसलेत. लिंक म्हणजे जोनाथन प्राइस, भिजलेल्या चिमणीसारखा दिसतो. रोमा त्याच्याशी जमिनीबद्दल एक शब्द काढत नाही. आगगाडीच्या डब्यांना येणारा वास, माणसाला कशाची भीती वाटते, नीती म्हणजे काय, पैसा साठवून काय होतं, असं कुठलं कुठलं बोलत राहतो. तुम्हाला वाटतं की हा बरा तत्त्वज्ञ दिसतोय. आणि मग खिशातून ते पत्रक निघतं, टेबलावर उलगडतं आणि तो म्हणतो, हा जमिनीचा एक तुकडा आहे, आता मी काय सांगतो ते ऐक. तुमच्या मुद्द्याला हे पुरावाच आहे. ‘ऐक’ हा शब्द त्याने इतका वेळ राखून ठेवला होता.

पचिनोला सहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर नामांकन याच कामासाठी होतं. त्याच वर्षी दुसऱ्या सिनेमासाठी त्याला मुख्य अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. मला विचाराल तर हे काम त्याहून कितीतरी सरस आहे. इथे तो आवाज चढवतो ते फक्त शेवटी, मॅनेजरवर. तोवर सगळं कुजबुजीत.

रेवा

मी हा सिनेमा मागच्या महिन्यात पाहिला, म्हणजे ताजा आहे. एक गोष्ट कुणी बोलत नाही म्हणून लिहिते.

या सिनेमात बायका जवळजवळ नाहीतच. पण दोन बायका न दिसता सगळं फिरवतात. एक लेव्हीनची मुलगी. ती फक्त टेलिफोनच्या पलीकडे आहे. दुसरी लिंकची बायको. नवऱ्याने रात्री सही करून चेक दिला, तिने सकाळी त्याला परत पाठवलं, जा आणि सौदा मोड म्हणून. लिंक ऑफिसात येतो तेव्हा रोमा त्याला बोलूच देत नाही. लेव्हीनला क्षणात बडा गिऱ्हाईक बनवतो, अमेरिकन एक्सप्रेसमधला कुणी मोठा अधिकारी, आता विमानतळावर जायची घाई आहे. लेव्हीन कसलीही तयारी नसताना त्या सोंगात शिरतो आणि दोघं चेंडू झेलल्यासारखी वाक्यं झेलत राहतात. मला तो प्रसंग बघताना खूप वाईट वाटलं, कारण तो बघायला मजा येते. आपण फसवणाऱ्यांच्या बाजूने जातो. लिंक बिचारा एवढंच म्हणत असतो की बायकोने सांगितलंय. शेवटी तो रोमाचीच माफी मागतो! ज्याने लुबाडलं त्याची माफी. प्राइसने ते इतकं खरं केलंय. माझ्या वडिलांना मी असं माफी मागताना पाहिलंय, एका सोसायटीच्या ऑफिसात, स्वतःचेच पैसे परत मागताना.

कडुनिंब

@रेवा, माफीचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. आता पुन्हा बघणार.

@चित्रवेडा, रोमाबद्दल सहमत. एक भर घालतो. क्लिपमधल्या त्या सुटातल्या माणसाचं, ब्लेकचं, गाजलेलं भाषण (ॲलेक बाल्डविन) मूळ नाटकात नाही, मॅमेटने खास सिनेमासाठी लिहिलं. आणि त्या भाषणाच्या वेळी रोमा खोलीत नसतोच! ऑफिसातला एकमेव माणूस जो खरोखर सौदे करतो, तो त्या वेळी समोरच्या रेस्टॉरंटमध्ये बसलाय. भाषण ऐकायला कोण? हरलेले तिघे. आमच्या साहेबांनी ती क्लिप दाखवली तेव्हा त्यांना हे माहीत होतं असं वाटत नाही.

सदूकाका

मी एकतीस वर्षं विम्याचा एजंट होतो, सांगली-मिरज भागात. मुलाने हा धागा पाठवला म्हणून खाते उघडून लिहितो आहे.

सिनेमा मुलाबरोबर पाहिला, मराठी-इंग्रजी मिसळून तो सांगत गेला. शिव्या फार आहेत, पण त्या बाजूला ठेवल्या तर धंद्याचं चित्र अचूक आहे. पेन पुढे केल्यावर बोलायचं नाही, हे आमच्या सीनियरने मला १९८८ मध्ये शिकवलं होतं. ‘सदा, पेन दिलं की तोंड बंद. आधी जो बोलला तो गेला.’ माझी मिरजेतली पहिली मोठी पॉलिसी अशीच झाली. एका शिक्षकाच्या ओसरीवर. बावीस मिनिटं नव्हती, पण मला तेवढीच वाटली. आतून कुकरच्या शिट्ट्या येत होत्या, मी त्या मोजत होतो. चौथ्या शिट्टीला त्यांनी सही केली.

पण एक सांगतो. त्या शिक्षकांना मी योग्य पॉलिसी दिली होती. ते वारले तेव्हा त्यांच्या पत्नीला पैसे मिळवून द्यायला मी स्वतः सात खेपा घातल्या. गप्प बसण्याची विद्या तीच, पण पलीकडे काय विकताय त्यावर सगळं आहे. सिनेमातल्या लोकांना ती जमीन कशी आहे, तिथे पाणी आहे का, रस्ता आहे का, याच्याशी देणंघेणं नाही. एकदाही कुणी म्हणत नाही की जागा चांगली आहे म्हणून घ्या. हे मला फार लागलं.

अटलांटिकपार

काका, तुमचा प्रतिसाद आवडला. सौदा मोडायला तीन दिवस असतात असं बायकोच्या सांगण्यावरून लिंक म्हणतो, तसा नियम इथे खरंच आहे. गिऱ्हाइकाच्या घरी किंवा दुकानाबाहेर केलेल्या विक्रीसाठी अमेरिकेत १९७० च्या दशकापासून केंद्रीय नियम आहे की तीन कामकाजाच्या दिवसांत सौदा रद्द करता येतो. जमिनीचे सौदे त्या नियमातून वगळलेले आहेत, पण सिनेमात तीच मुदत धरलीय, म्हणून रोमाला फक्त वेळ काढायचा आहे. आत्ता घाई आहे, मग भेटू, मग बोलू. ते दिवस टळले की झालं. ती सगळी नाटकबाजी घड्याळाविरुद्ध चालू आहे हे कळलं की प्रसंगाला दुप्पट धार येते.

मी न्यू जर्सीत असतो. २०२५ मध्ये ब्रॉडवेवर हे नाटक पुन्हा आलं होतं, पॅलेस थिएटरमध्ये. कीरन कल्किन रोमा, बॉब ओडेनकर्क लेव्हीन, बिल बर मॉस. मी वरच्या बाल्कनीतून पाहिलं. नाटकात ब्लेक नाहीच, त्यामुळे शेजारच्या जोडप्याला मध्यंतरात वाटत होतं की कॉफीचं भाषण पुढच्या अंकात असेल. आणखी एक : २०१२ च्या ब्रॉडवे प्रयोगांत पचिनोने लेव्हीन केला होता. वीस वर्षांपूर्वी जो तरुण राजा होता तोच आता म्हातारा. ते मी पाहू शकलो नाही याची खंत आहे.

नेपथ्य

आम्ही काही जणांनी याचं मराठी करून वाचन करायचा प्रयत्न केला होता, चार-पाच वर्षांपूर्वी. दोन प्रवेशांनंतर थांबलो. का थांबलो ते लिहितो, कारण त्यातच या संवादांचं मर्म आहे.

लोकांना वाटतं अडचण शिव्यांची असेल. ती नव्हती. मराठीत शिव्यांची श्रीमंती आहे. अडचण तुटलेल्या वाक्यांची. मॅमेटची पात्रं वाक्य सुरू करतात, अर्ध्यात सोडतात, समोरचा तेच अर्धं उचलतो, पहिला पुन्हा सुरू करतो. कानाला हे रोजचं बोलणं वाटतं, पण कागदावर पाहिलं तर ठेका बांधलेला आहे, एक ‘हं’ काढला तरी लंगडतं. आपल्याकडे अर्ध्या वाक्यांची कमाल तेंडुलकरांनी केली. पण त्यांची टिंबं बहुतेकदा माणसाला जे बोलता येत नाही तिथे येतात. मॅमेटची तुटलेली वाक्यं हल्ला आहेत. समोरच्याला मध्ये शिरायला फट मिळू नये म्हणून तोडलेली.

आता तो मॉस-आरोनाव प्रवेश. आरोनाव विचारतो, आपण हे खरंच बोलतोय का की नुसतं... आणि मॉस दोन क्रियापदांमध्ये फरक करतो, जे इंग्रजीत जवळजवळ एकच आहेत. आम्ही आधी केलं : ‘आपण हे ठरवतोय की नुसतं बोलतोय?’ चुकलं. ‘ठरवणं’ म्हटलं की आरोनाव मूर्ख वाटतो, कारण उत्तर उघड आहे. त्याची भीतीच ही आहे की दोन शब्दांत फरक आहे की नाही हे त्याला कळत नाहीये. मग एकीने सुचवलं : ‘आपण यावर बोलतोय, की याबद्दल बोलतोय?’ तालमीत हे म्हटलं आणि खोलीत शांतता झाली. ‘यावर’ आणि ‘याबद्दल’. फरक आहे, पण कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. आरोनाव नेमका तिथे उभा आहे.

दुसरा प्रवेश संपेपर्यंत तीन महिने गेले. तेवढ्यात जमवाजमव मोडली.

चित्रवेडा

@नेपथ्य ‘यावर’ आणि ‘याबद्दल’! अप्रतिम. तुमच्याकडे ते दोन प्रवेश असतील तर पुढे न्या हो, थांबू नका.

सिनेमातही ही तालीम दिसते. चित्रीकरणाआधी सगळ्यांनी काही आठवडे नाटकासारखी तालीम केली होती, आणि ज्यांचं त्या दिवशी काम नसायचं तेही सेटवर येऊन इतरांची कामं बघत बसायचे. पडद्यावर ते कळतं. एकाचं बोलणं चालू असताना दुसरे काय करतायत ते बघा. आर्किनला संवाद कमी, आणि तो मागे नुसता रुमालाशी चाळा करत बसला तरी नजर तिकडे जाते.

मृद्गंध_७

मला एक विषय काढायचाय जो कुणी काढला नाही. पटेल.

रोमाला मॅनेजर जे कार्ड देतो त्यावर नाव असतं पटेल, आणि रोमा भडकतो. शंकराने स्वतः याच्या हातात दहा लाख डॉलर ठेवले आणि सही कर म्हटलं तरी हा सही करणार नाही, वर विष्णू आला तरी नाही, अशा अर्थाचं बोलतो आणि एक वंशद्वेषी शिवी देतो. नाटकात मॉसही पहिल्या अंकात हेच बोलतो, की भारतीय लोकांना काही विकायला जाऊच नका, त्यांना नुसतं सेल्समनशी बोलायला आवडतं, घेत काही नाहीत.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कॉलेजात होतो, हॉस्टेलच्या खोलीत आम्ही आठ जण होतो आणि सगळे हसले. मीही हसलो. मग रात्री झोप लागेना. आपण ज्या माणसाला दारातून हसतमुखाने घरात घेतो, चहा देतो, तो बाहेर गेल्यावर आपल्याबद्दल हे बोलतो.

पण पुढे काय होतं बघा. लेव्हीनचे ते नायबोर्ग नवरा-बायको, बावीस मिनिटांत ढिले पडलेले, त्यांचा चेक वटणार नसतो. मॅनेजर सांगतो की ते वेडे आहेत, त्यांना नुसतं सेल्समनशी बोलायला आवडतं. मॉसने जे भारतीयांबद्दल म्हटलं तेच, जवळजवळ शब्दाला शब्द. म्हणजे मॅमेटने ते वाक्य मुद्दाम दोनदा पेरलंय. सेल्समनशी नुसतं बोलत बसणारी एकटी माणसं कुठल्या वंशाची असतात हा प्रश्नच नव्हता. मला हे कळल्यावर ती हॉस्टेलमधली रात्र थोडी सुसह्य झाली.

कडुनिंब

@मृद्गंध_७, हा या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद आहे असं मी मानतो. पटेलच्या वाक्याला मी नेहमी मान खाली घालून पुढे जायचो.

आता वर राहिलेलं सांगतो, लेव्हीन कसा सापडतो ते. चोरी त्यानेच केलेली असते.

मॅनेजर विल्यमसन (केविन स्पेसी) लिंकसमोर मध्येच येऊन म्हणतो की तुमचा चेक कालच बँकेत गेला. रोमाचा अख्खा डाव त्या एका वाक्यात कोसळतो. लिंक पळतो. रोमा मॅनेजरला असा सोलून काढतो की कान भाजतात : माझे सहा हजार डॉलर आणि एक कॅडिलॅक तू घालवलीस. मग रोमा आत जातो आणि लेव्हीनला चेव येतो. आज सकाळीच मोठा सौदा झालाय, तो पुन्हा ‘मशीन’ झालाय. तोही मॅनेजरला उपदेश करू लागतो. काही रचून सांगायचंच असेल तर त्याचा उपयोग होईल याची खात्री करून घे, नाहीतर तोंड बंद ठेव.

आणि विल्यमसन हळूच विचारतो : मी ते रचून सांगितलं हे तुला कसं कळलं?

करार त्या रात्री बँकेत गेला नव्हता, तो टेबलावरच राहिला होता. वर्षातून एकदाच झालेली चूक. हे फक्त ऑफिस फोडणाऱ्यालाच माहीत असणार.

इथे लेमनचा चेहरा बघा. प्रश्न कानावर पडतो, पण तो आणखी दोन वाक्यं बोलत राहतो, सवयीने. तोंड पुढे गेलंय आणि डोळे मागे थांबलेत. सबंध सिनेमाभर हा माणूस दुसऱ्याचं ऐकत नव्हता, आणि आता त्याला स्वतःचंच वाक्य ऐकू येतं. मग सुरू होतो शेवटचा सौदा. पैसे देतो, निम्मं कमिशन देतो, आयुष्यभर देतो. ‘माझी मुलगी...’ एवढंच म्हणतो, पुढे काही नाही. विल्यमसन ऐकतच नाही. का असं करतोयस विचारल्यावर म्हणतो, कारण तू मला आवडत नाहीस.

स्पेसीचं ते काम थंडपणासाठी लक्षात राहतं. सगळे आदळआपट करतात, तो फक्त ऐकतो. म्हणून जिंकतो तोच. विकता येत नाही त्याला, पण ऐकता येतं.

अटलांटिकपार

याच जागी नाटक आणि सिनेमात एक मोठा फरक आहे. नाटकात शेवटी रोमा मॅनेजरला सांगतो की लेव्हीनशी भागीदारी करणार म्हणजे त्याच्या कमाईतला वाटा मी घेणार. म्हणजे ‘तुझ्याकडून शिकलो, चल एकत्र काम करू’ हे जे तो लेव्हीनला म्हणत होता ते पण एक विकणंच होतं. सिनेमात ते काढून टाकलंय. त्यामुळे पचिनोचा रोमा लेव्हीनवर खरी माया करतो असं वाटतं. मला सिनेमाचा शेवट जास्त सहन होतो, पण नाटकाचा जास्त खरा वाटतो.

रेवा

मला सिनेमाचाच खरा वाटतो. एकाने तरी म्हाताऱ्याकडे माणूस म्हणून बघितलं असं असायला पाहिजे. सगळेच लांडगे असते तर लेव्हीनसाठी इतकं तुटलं नसतं.

चित्रवेडा

लेमनला व्हेनिसच्या महोत्सवात १९९२ चं सर्वोत्तम अभिनेत्याचं पारितोषिक या कामासाठी मिळालं, हे सांगायचं राहिलं. ऑस्करला मात्र नामांकनही नाही. तेव्हा तो सदुसष्ट वर्षांचा होता. १९६० च्या ‘द अपार्टमेंट’मध्ये ऑफिसातला हसरा, सगळ्यांपुढे मान तुकवणारा कारकून त्यानेच केला होता. लेव्हीन टेलिफोनवर काल्पनिक सेक्रेटरीला हाका मारतो, आवाजात सगळा तोच जुना गोडवा. फोन ठेवला की तोंडावरचं सगळं गळून पडतं. बत्तीस वर्षांपूर्वीचं ते हसू काय झालं याचा हिशोब त्या एका चेहऱ्यात आहे.

सदूकाका

पावसात तो एका गिऱ्हाइकाच्या घरी जातो ना, कोट काढून घरात शिरतो आणि तो गृहस्थ त्याला सभ्यपणे दाराकडे आणत राहतो. तो प्रसंग मला बघवला नाही. मी मुलाला म्हटलं पुढे ने. असा बाहेर काढला गेलोय मी, कितीतरी वेळा. समोरचा वाईट बोलत नाही. तुमचा कोट हातात देतो, बस. पाऊस असेल तर अजून वाईट वाटतं, कारण थांबायचं कारण हातात असून मागता येत नाही.

आता विम्यात पॉलिसी मिळाल्यावर तीस दिवसांत परत करता येते, पूर्वी बहुतेकांना पंधरा दिवस होते. हे चांगलं झालं. आमच्या वेळी लोकांना असा काही हक्क असतो हे माहीतच नसायचं, आणि आम्हीही आपणहून सांगत नसू. हे कबूल करायला हवं.

कडुनिंब, तुमच्या त्या काकांचं पुढे काय झालं?

कडुनिंब

काका, त्यांनी त्या तिमाहीच्या शेवटी नोकरी सोडली. नंतर दोनदा फोनवर बोललो. कर्वे रोडला एका नातेवाइकाच्या स्टेशनरीच्या दुकानात बसायचे. दुसऱ्या फोनला मी त्यांना सिनेमाबद्दल सांगितलं, की ती क्लिप आठवते का, त्यातला म्हातारा खरा मुख्य आहे. ते म्हणाले, ‘तो कॉफी पिणारा?’ म्हटलं हो. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘त्याने कप खाली ठेवला होता का रे? मला नीट दिसलं नव्हतं, मी मागे बसलो होतो.’